कांद्याचं बूड शेवटपर्यंत राखा: नव्याने स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी

माझ्या डाव्या तर्जनीच्या नखाचा एक कोपरा अजून तिरपा वाढतो. ती कांद्याची कृपा. स्वयंपाक मी बऱ्याच उशिरा, एकटं राहायची वेळ आल्यावर शिकलो. शेजारी उभं राहून "अरे, असं नाही, असं" म्हणणारं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी कांद्याची दोन्ही टोकं उडवली, अख्खा कांदा सोलला, तो गुळगुळीत गोळा ओट्यावर धरला आणि वरून सुरी दाबली. कांदा एका अंगाला घरंगळला आणि सुरी बोटावर उतरली.

त्या अर्ध्या मिनिटात मी चार चुका केल्या होत्या हे कळायला बराच काळ गेला. बूड कापून टाकलं, अख्खा कांदा सोलत बसलो, सपाट बाजू न करता गोल कांदा चिरायला घेतला आणि हे सगळं बोथट सुरीने केलं. यातली बुडाची चूक सगळ्यात महागाची, कारण कांदा चिरण्याची सगळी सोय त्या बुडात आहे. पाककृतींत "दोन कांदे बारीक चिरून" एवढंच लिहितात आणि पुढे जातात. त्या चार शब्दांत काय काय दडलंय ते इथे सांगतो.

आधी एवढं जवळ घ्या

- साधारण वीतभर पात्याची सुरी, म्हणजे १८ ते २० सेंटिमीटर. फळं कापायच्या चिमुकल्या सुरीने मोठा कांदा एका दमात कापला जात नाही, मग आपण करवतीसारखं पुढे-मागे करत बसतो.
- लाकडी किंवा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड. काच, दगडी ओटा, स्टीलचं ताट यांवर चिरलंत तर धार आठवडाभरही टिकणार नाही.
- बोर्डाखाली घालायला ओलं करून पिळलेलं फडकं.
- दोन भांडी: एक साली-देठांसाठी, एक चिरलेल्या कांद्यासाठी. सगळं बोर्डावरच साठवत गेलात की चिरायला जागा उरत नाही.
- धार लावायचं काहीतरी साधन. दगड असो की दांडा, जे तुम्ही खरंच वापराल ते.

चॉपर, दोरी ओढायचं भांडं वगैरे यादीत मुद्दाम घातलेलं नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

१. कांदा हातात घेऊन दाबून बघा

चांगला कांदा आकाराच्या मानाने जड लागतो, साल कोरडी आणि कुरकुरीत असते. अंगठ्याने त्याची मान दाबून बघा. मान म्हणजे वरचा निमुळता भाग, जिथे पूर्वी पात होती. ती बारीक आणि सुकलेली हवी. तिथे मऊ लागलं तर आत सड सुरू झालेली असण्याची शक्यता मोठी, कारण सड बहुतेक वेळा मानेतूनच खाली उतरते.

वरच्या सालीवर काळी पूड दिसली तर ती काजळी, म्हणजे बुरशी. ती फक्त वरच्या पापुद्र्यावर असेल तर तो पापुद्रा आणि त्याखालचा एक थर काढा, कांदा धुऊन पुसा आणि वापरा. आतल्या थरांपर्यंत पोचली असेल किंवा कांदा बुळबुळीत झाला असेल तर सरळ फेकून द्या. चांगला तेवढा भाग वाचवायचा मोह होतो, पण त्या वासाने अख्खी भाजी बिघडते.

कोंब आलेला कांदा खाता येतो. मधला हिरवा भाग थोडा कडवट लागतो, तो काढला की झालं. फक्त आजूबाजूचे थर मऊ पडलेले असतात, तेव्हा कच्चा खायला तो घेऊ नका. डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आलेल्या कांद्यात मधोमध कडक दांडा असतो. तो शिजत नाही, अर्धा केल्यावर उपटून टाका. जोडकांदा निघाला तर दोन कांदे समजून वेगळे करा, नाहीतर चिरताना थर भलत्याच दिशांना सुटतात.

आकाराचं म्हणाल तर मी मोठे कांदे उचलतो. तीन लहान सोलण्यापेक्षा एक मोठा सोलणं केव्हाही बरं. पाककृतीत नुसतं "एक मध्यम कांदा" असेल तर साधारण दीडशे ग्रॅमचा धरा.

२. धार बघा, मग बोर्ड हलतो का ते बघा

धार तपासायला कांद्याचीच सुकी साल चांगली. पातं सालीवर टेकवा आणि जोर न लावता पुढे सरकवा. साल चटकन धरली गेली तर धार ठीक आहे. पातं सालीवरून निसटलं तर तेच उद्या तुमच्या बोटावर निसटणार आहे. नवशिक्यांना धारदार सुरीची भीती वाटते, मलाही वाटायची. पण बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी निसटली की थांबवता येत नाही.

बोर्डाखाली ओलं फडकं पसरा. मग बोर्डाचा कोपरा धरून हलवून बघा. जागचा हलता कामा नये.

३. शेंडा उडवा, बुडाला धक्का लावू नका

कांद्याला दोन टोकं. मानेकडचा शेंडा आणि मुळ्यांच्या झुपक्याचं बूड. बूड म्हणजे खरं तर कांद्याचं चपटं, आखूड खोड. आपण जे थर खातो ते पानांचे फुगलेले तळ, आणि ते सगळे या खोडाला चिकटलेले असतात. बूड कापलंत की थरांना धरून ठेवणारं काहीच उरत नाही. मग सुरी लावली की ते पत्त्यांसारखे घसरतात आणि आपण चिरायचं सोडून तुकडे गोळा करत बसतो.

म्हणून क्रम असा:

कांदा आडवा ठेवा. शेंड्याकडून सेंटिमीटरभर काप घ्या. बुडाकडे फक्त मुळ्यांची दाढी तासायची, तीही कागदाएवढी पातळ. आता शेंड्याची कापलेली सपाट बाजू खाली करून कांदा उभा करा. बूड आता आकाशाकडे. त्या बुडाच्या बरोबर मधून सुरी खाली उतरवा. दोन अर्ध्या वाट्या मिळतील आणि प्रत्येकीला बुडाचा अर्धा तुकडा चिकटलेला असेल. हा काप वाकडा गेला तर एका अर्ध्याला बूडच राहत नाही, म्हणून इथे घाई नको.

आणि सोलायचं आत्ता. अख्ख्या कांद्याची साल नखांनी खरवडत बसण्यात माझे कित्येक तास गेले असतील. अर्धा केल्यावर शेंड्याकडच्या कडेला सालीची किनार मोकळी झालेली असते. ती चिमटीत धरून बुडाकडे ओढा, एका झटक्यात येते. बुडाशी थोडी साल लटकत राहिली तर राहू दे, धरायला कामाला येते.

सालीखालचा पहिला थर कधी कधी चिवट, अर्धवट सुकलेला असतो. कंजूषपणा करून तो ठेवू नका. कितीही शिजवला तरी तो मऊ होत नाही, आणि जेवताना दाताखाली प्लॅस्टिकचा तुकडा आल्यासारखं वाटतं.

४. हात कसे ठेवायचे

सुरीची मूठ मुठीत आवळून धरू नका. पातं जिथे मुठीला मिळतं तिथे अंगठा आणि तर्जनीने पात्याला दोन्ही बाजूंनी चिमटा घ्या, उरलेली तीन बोटं मुठीभोवती. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होईल. मग पातं हवं तिथे वळायला लागतं.

दुसऱ्या हाताची बोटं आत मुडपा, मांजराच्या पंज्यासारखी. नखं तुमच्याकडे वळलेली, बोटांची मधली पेरं पुढे आणि अंगठा सगळ्यांच्या मागे. पात्याचा सपाट भाग त्या पेरांना घासत वर-खाली जातो. म्हणजे पेरंच सुरीला सांगतात पुढचा काप कुठे पडणार ते. पातं पेरांच्या वर उचललं जात नाही तोवर बोट कापणं जवळजवळ अशक्य. डावखुरे असाल तर सगळं उलट करा.

सुरी वरून दाबायची नसते, पुढे सरकवत खाली न्यायची असते. "टक टक" आवाज येत असेल तर तुम्ही दाबताय. सरकवलेल्या सुरीचा आवाज करकरीत आणि हलका येतो.

व्हिडिओतल्या आचाऱ्यांचा वेग बघून हात चालवू नका. त्यांनी पोत्यांनी कांदे चिरलेले असतात. आपल्याला दोन चिरायचेत.

५. डोळ्यांच्या पाण्याचं काय करायचं

नवशिक्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि यावर जेवढे उपाय सांगितले जातात तेवढे सर्दीवरही नसतील. तोंडात पाव धरा, मेणबत्ती लावा, काडी चावा. मी बहुतेक सगळे करून पाहिले. तोंडात काडी धरून रडलेला माणूस आरशात बघणं हा त्यातला एकमेव फायदा.

होतं काय ते एकदा समजून घेतलं की कुठला उपाय चालेल ते आपोआप कळतं. कांदा जमिनीतलं गंधक शोषून घेतो आणि त्याची संयुगं पेशीत साठवतो. त्याच पेशीतल्या वेगळ्या कप्प्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ॲलिनेझ नावाचं. सुरीने पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात. त्यातून जे तयार होतं त्याचं आणखी एक विकर वायूत रूपांतर करतं. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं. त्याआधी पहिलंच सगळं काम करतं अशी समजूत होती. त्या शोधाला २०१३ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. रडवणाऱ्या कांद्याला ते मिळावं हे बरंच झालं. तर तो वायू डोळ्यापर्यंत पोचतो, डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या मज्जातंतूंना झोंबतो आणि डोळा स्वतःला धुऊन काढायला पाणी सोडतो.

यावरून दोनच रस्ते निघतात: पेशी कमी चुरडा, आणि वायू डोळ्यांपर्यंत पोचू देऊ नका.

पहिल्याला धारदार सुरी. बोथट पातं पेशी कापत नाही, चेंगरतं. २०२५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने कांदा कापतानाचं चित्रण केलं, तेव्हा पातं बोथट असलं किंवा कापण्याचा वेग जास्त असला की कांद्यातून रसाचे बारीक तुषार अधिक प्रमाणात उडताना दिसले. म्हणजे धार लावा आणि सावकाश चिरा. वेगाबद्दल मघाशी बोटांसाठी जे सांगितलं ते डोळ्यांनाही लागू पडतं.

दुसऱ्याला हवा. खिडकी उघडा, किंवा छोटा पंखा असा ठेवा की वारा तुमच्याकडून कांद्यावरून पलीकडे जाईल. पंखा समोरून तोंडावर सोडलात तर सगळं डोळ्यांत जाईल. मी एकदा हेही केलंय. बोर्डावर वाकून, नाक खुपसून चिरू नका. कापलेली बाजू शक्यतो खाली ठेवा आणि चिरलेलं लगेच भांड्यात टाकून झाका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना त्रास कमी होतो. पोहायचा चष्मा हमखास चालतो, फक्त दारावरची घंटा वाजली तर काढून ठेवा.

डोळे झोंबायला लागलेच तर कांद्याच्या हातांनी चोळू नका. दोन पावलं मागे या, डोळ्यांतून पाणी वाहू द्या, मिनिटभरात थांबतं. डोळे भरलेले असताना चिरत राहणं म्हणजे डोळे मिटून चिरणं.

६. उभा चिरायचा असेल तर

अर्धी वाटी, सपाट बाजू बोर्डावर. शेंड्यापासून बुडापर्यंत जाणाऱ्या रेषा कांद्यावर दिसतात, त्या रेषांच्या दिशेनेच काप द्या. या एका प्रकारात बूड शेवटी काढावं लागतं, म्हणजे फाका सुट्या होतात. बुडाजवळ छोटा तिरका काप घेऊन ते पाचरीसारखं काढा आणि मग चिरा, किंवा बूड ठेवून चिरा आणि शेवटी एका कापात उडवा. मी दुसरं करतो.

सुरी सरळ वरून खाली नेली तर मधले काप पातळ आणि कडेचे जाड येतात. कडेला असताना सुरी आत तिरकी धरा, मधे आल्यावर उभी, पुन्हा दुसऱ्या कडेला तिरकी. मात्र टोक कांद्याच्या अगदी मध्यबिंदूवर रोखू नका, त्याच्या थोडं खाली, बोर्डाच्या आत कुठेतरी रोखा. सगळे मध्यावर रोखले तर आतले तुकडे सुईएवढे होतात आणि बाहेरचे कच्चे असतानाच ते करपतात.

अशा चिरलेल्या कांद्याचा आकार शिजल्यावरही टिकतो. रेषांना आडवा चिरलात, म्हणजे अर्ध्या चंद्रकोरी केल्यात, तर कांदा लवकर विरघळतो. परतून दिसायला हवा असेल तर उभा, रश्श्यात मिसळून जायला हवा असेल तर आडवा. "एवढ्याने काय फरक पडतो" असं वाटत असेल तर एकाच कांद्याच्या दोन वाट्या दोन तऱ्हांनी चिरून एकदा शेजारी-शेजारी परतून बघा.

७. बारीक चिरायचा असेल तर

बुडाचा खरा उपयोग इथे.

अर्धी वाटी सपाट बाजूवर, बूड तुमच्या सुरीच्या हातापासून लांब. आता उभे काप द्यायचे, पण बुडापर्यंत जायचं नाही. सुरीचं टोक बुडाच्या अलीकडे बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या अंतरावर टेकवा आणि तिथून शेंड्याकडे खाली ओढा. असे जवळजवळ काप देत जा. बारीक हवा तर तीन मिलिमीटरवर, जाडसर हवा तर बोटभर अंतरावर. सगळे काप झाले तरी कांदा दिसायला अख्खाच असतो. हलक्या हाताने दाबलात तर पंख्यासारखा उघडतो आणि सोडला की मिटतो, कारण बूड धरून आहे.

पुढे बहुतेक ठिकाणी आडवे काप द्यायला सांगतात, म्हणजे सुरी बोर्डाला समांतर धरून बुडाकडे ढकलायची. बोटं कापून घ्यायची ही सगळ्यात सोपी जागा. आणि त्याची तेवढी गरजही नाही. कांद्याला निसर्गानेच थर दिलेत, ते आडव्या कापांचं बरचसं काम करतात. फक्त खालच्या कडांना थर उभे असतात, तिथे लांबट तुकडे येतात. ते टाळायचे तर खालून एक तृतीयांश उंचीवर एकच आडवा काप द्या, तळहात वर सपाट ठेवून, बोटं उचललेली. नवखे असाल तर पहिले काही महिने तोही नको. मघासारखे कडेचे काप तिरके दिलेत तर पुरतं.

आता कांदा फिरवा आणि शेंड्याकडून सुरुवात करून आडवं चिरत या. पहिल्यांदा हे नीट जमलं तेव्हा मी मधेच थांबून बघत राहिलो होतो: पात्याच्या एका बाजूला अख्खा कांदा, दुसऱ्या बाजूला एकसारखे चौकोनी दाणे, प्रत्येक कापासरशी एक ओळ सुटून पडत होती आणि पंज्याखालचा कांदा हळूहळू आखूड होत होता. शेवटी हातात उरतो तो बुडाचा चपटा तुकडा. त्याला चिकटलेले दोन-तीन थर वाचवायच्या नादात बोटं पात्याजवळ नेऊ नका. तो तुकडा आडवा पाडा, एक-दोन काप द्या, उरलेलं टाका.

दाणे अजून बारीक हवे असतील तर ढिगावर सुरीचं टोक टेकवून मूठ वर-खाली करत एकदा फिरवा. एकदाच. दहा वेळा कोचत बसलात तर पाणी सुटतं, कांदा उग्र होतो आणि तव्यावर परतण्याऐवजी उकडतो.

८. चकत्या, किस आणि मिक्सर

अख्ख्या गोल चकत्यांसाठी कांदा अर्धा करता येत नाही, त्यामुळे तो घरंगळतो. एका कुशीवरून पातळ काप काढून सपाट बैठक करा, तिच्यावर कांदा ठेवा आणि शेंड्याकडून चकत्या पाडत या. बूड इथेही धरायला ठेवा.

किसलेला कांदा पटकन शिजतो पण पाणी फार सोडतो आणि डोळ्यांचा जीव घेतो. बूड हातात धरून किसा, म्हणजे थर सुटत नाहीत.

कच्चा कांदा मिक्सरमध्ये फिरवला की सगळ्या पेशी एकदम फुटतात. लगेच वापरला नाही तर तो उग्र आणि कडवट होतो. वाटण हवं असेल तर आधी कांदा परतून किंवा उकडून घ्या, गार करा, मग वाटा. चॉपरमध्ये मोठे तुकडे आणि लगदा दोन्ही एकत्र मिळतात. पंचवीस माणसांचा स्वयंपाक असेल तर मीही तोच काढतो, पण दोन कांद्यांसाठी तो धुण्यातच जास्त वेळ जातो.

९. कच्चा खायचा असेल तर

ऐनवेळी चिरा. तासभर आधी चिरून ठेवलेला कांदा उग्र होत जातो. तिखटपणा कमी करायचा असेल तर चिरलेला कांदा गार पाण्यात दहा मिनिटं ठेवा, एकदा पाणी बदला, मग चाळणीत निथळून फडक्यावर पसरून कोरडा करा. पृष्ठभागावरचा झोंबणारा रस धुतला जातो आणि कुरकुरीतपणा राहतो. हे फक्त कच्च्या कांद्यासाठी. परतायचा कांदा पाण्यात टाकू नका.

लाल कांद्यावर लिंबू किंवा व्हिनेगर घातलं की तो सुरेख गुलाबी होतो. त्याच्यातलं रंगद्रव्य आंबटात लालगुलाबी आणि अल्कलीत निळसर-हिरवं होतं. सोडा पडलेल्या पदार्थात लाल कांदा अचानक हिरवट दिसला तर घाबरू नका, बिघडलेलं काही नसतं.

१०. परतायचा असेल तर

चिरणं जमलं तरी पदार्थ फसतो तो बहुतेक इथे. पाककृतीत "पाच मिनिटांत कांदा तांबूस होईल" असं लिहिलेलं असतं. होत नाही. मी वर्षभर माझ्या गॅसला दोष देत होतो.

कांद्यात जवळपास ८९ टक्के पाणी असतं. ते पाणी असेपर्यंत कांद्याचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या फार वर जात नाही. तांबूस रंग आणि तो खमंग वास आणणारी मेलार्ड अभिक्रिया जोर धरते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे आधी पाणी जायला हवं, मग रंग. यात चलाखी चालत नाही. दोन मध्यम कांदे, रुंद कढई आणि मध्यम आच असेल तर माझ्याकडे साधारण असा वेळ लागतो:

- मऊ आणि पारदर्शक: ५ ते ७ मिनिटं.
- कडा सोनेरी: १२ ते १५ मिनिटं.
- एकसारखा तांबूस: २० ते २५ मिनिटं.
- मंद आचेवर मुरांब्यासारखा गोड आणि गडद: ४० ते ५० मिनिटं. दर काही मिनिटांनी ढवळावं लागतं, फोनवर लांबण लावायची ही वेळ नव्हे.

घड्याळापेक्षा कान लावा. सुरुवातीला कढईतून ओला, भरगच्च आवाज येतो. पाणी सरलं की आवाज बारीक आणि चुरचुरीत होतो. त्या क्षणापासून रंग भराभर बदलतो. तिथून पुढे जागचं हलू नका.

मीठ चिमूटभर सुरुवातीलाच घातलं तर पाणी लवकर सुटतं आणि कांदा मऊ पडतो. कुरकुरीत तळायचा असेल तर मात्र आधी मीठ नको. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असं काही आंबट घालायचं असेल तर कांदा पुरता मऊ झाल्यावरच घाला. आंबटात कांद्याच्या पेशीभित्ती लवकर सैल होत नाहीत. आधी घातलंत तर अर्धा तास शिजवूनही कांदा करकरीत राहील.

कढईच्या तळाला तांबूस थर धरायला लागला तर चमचाभर पाणी शिंपडून खरवडा. तो थर चवीचा आहे, करपायच्या आत परत कांद्यात मिसळून घ्या. काळा झाला असेल तर खरवडू नका. वरवरचा कांदा दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. कढईत गर्दी केलीत तर सुटलेली वाफ अडकून कांदा शिजत राहतो, परतला जात नाही, त्यामुळे जास्त कांदा असेल तर दोन वेळा करा.

चिमूटभर सोडा घातला की कांदा फार लवकर तांबूस होतो हे खरं. पण त्याचा लगदाही होतो आणि जरा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. वाटणासाठी चालेल, एरवी मी घालत नाही.

तळलेला कांदा तुम्हाला हवा त्या रंगाच्या एक छटा आधी बाहेर काढा. तेलातून काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने गडद होत राहतो. माझा पहिला मोठा घाणा कढईत अगदी मनासारखा दिसत होता, आणि ताटलीत काढून टेबलापर्यंत नेईस्तोवर कोळसा झाला होता.

११. उरलेलं सगळं

न चिरलेले कांदे कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून ते कुजतात. बटाट्यांच्या शेजारी ठेवू नका, दोघंही लवकर बिघडतात.

चिरलेला कांदा घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, ४ अंशांच्या आसपास ठेवला तर काही दिवस टिकतो. मी तीन-चार दिवसांत संपवतो आणि तो फक्त शिजवायला वापरतो. कापलेला कांदा हवेतले जंतू ओढून विषारी होतो असा निरोप अधूनमधून फिरत असतो, त्यात तथ्य नाही. इतर कुठल्याही चिरलेल्या भाजीसारखाच तो झाकून, थंड ठेवायचा, एवढंच. अर्धाच कांदा वापरायचा असेल तर बुडाकडचा अर्धा मागे ठेवा, तो जास्त टिकतो. बारीक चिरलेला कांदा फ्रीजरमध्येही राहतो. कुरकुरीतपणा जातो, पण परतायला काही बिघडत नाही आणि पाणी लवकर सुटतं.

घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर साली आणि तुकडे जमिनीवर पडू देऊ नका. कांद्यातली गंधकाची संयुगं त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजलेला, पूड केलेला, कुठलाही कांदा त्यांना घातकच. कांदा घातलेला रस्सा चाटायला देणंही त्यातच आलं. चुकून खाल्लाच तर त्रास दिसायची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा, कारण लक्षणं कधी कधी काही दिवसांनी दिसतात.

हाताचा वास जायला आधी गार पाण्याने, मग साबणाने धुवा, नखांच्या खाचा ब्रशने घासा. बोर्डाची एकच बाजू कांदा-लसणासाठी राखून ठेवा आणि तिच्यावर खूण करा. मी केली नव्हती, आणि त्या दिवशी कापलेल्या सफरचंदाच्या फोडी शेवटी मलाच संपवाव्या लागल्या.